व्हिलन पुनर्वसनाबद्दल बोलायला लागला तेव्हा

पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटलं होतं. तरीही तो बोलत होता.

"सोमवारी सकाळी बुलडोझर येईल. त्या वस्तीचं नाव नकाशावर राहता कामा नये." इथपर्यंत ओठ आणि शब्द बरोबर चालले होते. मग ओठ थांबले. माणूस खिडकीकडे वळला. आणि आवाज पुढे म्हणाला, "पर्यायी जागा देऊन."

"कट," आमची दिग्दर्शक ऋचा म्हणाली.

हा सातवा टेक. सातही वेळा आमच्या सिनेमातल्या सगळ्यात नीच माणसाने वस्ती पाडायचा हुकूम दिला होता आणि सातही वेळा पुनर्वसनाची हमी दिली होती. चौथ्या टेकला तर "पात्र-अपात्र न बघता" असंही म्हणाला होता.

काचेपलीकडे बाळा परबने हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. दूध उतू घालवलेल्या माणसासारखा चेहरा.

"आपसूक येता गो ताय. जिभेक सवय लागली."

मी हसले. चांगली खो खो हसले. खरं तर मला हसायचा काही हक्क नव्हता, कारण बाळाला तिथे मीच आणून उभं केलं होतं.

मी कुमुद. वय विचारू नका. नात कॉलेजात जाते आणि माझ्यापेक्षा शहाणी आहे, एवढं पुरे. गेली चाळीसेक वर्षं मी गर्दी आहे. म्हणजे तो माझा धंदा आहे. सिनेमात मोर्चा दिसतो, लग्न दिसतं, आग लागल्यावर पळणारी माणसं दिसतात. शूटिंगला त्यांचा आवाज नीट मिळत नाही. मग नंतर स्टुडिओत आम्ही सहा जण एका माइकभोवती उभे राहतो आणि ओरडतो. एकदा जवळून, एकदा भिंतीकडे तोंड करून, एकदा नाक दाबून. ते सगळं एकावर एक चढवलं की सहाचे दहा हजार होतात. याला क्राउड डबिंग म्हणतात. घरचे याला "आईचं बोंबलणं" म्हणतात.

ऋचाच्या या सिनेमात दोन पक्ष होते. एकाचं चिन्ह अडकित्ता, दुसऱ्याचं खलबत्ता. दोघांच्याही सभा आम्हीच गाजवल्या. सकाळी अडकित्ता झिंदाबाद, डबा खाऊन आल्यावर अडकित्ता मुर्दाबाद. घसा तोच, गरम पाण्याचा थर्मासही तोच. कोणाच्या मनाला कधी काही लागलं नाही.

बाळा त्या सहांतला एक. मानखुर्दला राहतो, मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे, मूळचा कणकवलीकडचा. बोलतो साधं मुंबईचं मराठी, पण जीव वरखाली झाला की मालवणी बाहेर येते. बावीस वर्षं माझ्या गर्दीत आहे. सिनेमा संपल्यावर नावांची लांबलचक पट्टी वर सरकते ना, त्यात आमची ओळ अशी येते: 'क्राउड: कुमुद आणि ग्रुप'. बाळा परब म्हणजे त्यातला 'आणि ग्रुप'.

आता हा व्हिलन. तो दक्षिणेतला मोठा नट होता. नुसता दारात उभा राहिला तरी समोरच्याने आपणहून घर रिकामं करावं, असा. पण मराठीच्या नावाने शून्य. वाक्यं पाठ करून, ओठ जेमतेम हलवत, दात दुखत असल्यासारखा बोलला होता. त्याला आवाज हवा होता. ऋचाने तीन नावाजलेले आवाज ऐकले आणि तिन्ही परत पाठवले. "सगळे व्हिलनसारखे बोलतात," म्हणाली. मुलीचं वय तीस, पहिला सिनेमा, डोळ्यांखाली काळं. मला दया आली. मी तोंड उघडलं.

"आमच्या बाळाला घे की. गर्दीत उभा असला तरी त्याचा आवाज वेगळा काढता येतो. हवं तर रेकॉर्डिस्टला विचार."

रेकॉर्डिस्ट ऑस्टिन, मरोळचा पोरगा. त्याने मान डोलावली. "बरोबर आहे आजी. परबकाकांना मी नेहमी दोन पावलं मागे उभं करतो."

झालं. बाळाला रोल मिळाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक आख्खा माणूस, आणि पट्टीवर स्वतंत्र ओळ, स्वतःच्या नावाची. त्याची बायको सुलभा हिने गल्लीत सांगून टाकलं. माहेरी फोन झाले. कणकवलीला देवासमोर नारळ ठेवला गेला.

मी एकच गोष्ट केली नव्हती. सीन वाचला नव्हता. चाळीस वर्षं गर्दीत काढलेल्या बाईला सीन वाचायची सवय नसते. आम्हाला फक्त सांगतात, 'आजी, चिडलेले शंभर जण' किंवा 'आजी, आनंदी पन्नास'. त्यामुळे व्हिलन काय बोलणार हे मला स्टुडिओत बसल्यावर कळलं. आणि कळल्यावर मी कपाळावर हात मारला. कारण बाळा परब हा त्यांच्या भागातल्या वस्ती बचाव समितीचा सचिव. वीस वर्षं निवेदनं लिहितोय, मोर्चे काढतोय. त्याचं स्वतःचं घर दोनदा तुटलंय. 'वस्ती' आणि 'बुलडोझर' हे शब्द एका वाक्यात आले की त्याची जीभ 'पर्यायी जागा' म्हटल्याशिवाय मिटतच नाही.

वेळ थोडा होता. शुक्रवारी सिनेमाचे सगळे आवाज एकत्र करायचे होते. ऋचाने म्हणूनच आधीपासून सोय करून ठेवली होती: दुपारी चारला बोरिवलीहून दुसरा आवाज येणार. तोपर्यंत बाळाचं जमलं तर बाळा. नाही तर तो परत 'आणि ग्रुप'.

घड्याळात साडेबारा झाले होते.

ऑस्टिनने उपाय काढला. "वाक्य संपलं की मी माइक बंद करतो. काका मागनं काय वाटेल ते बोलू दे."

केलं. शेपूट कापलं गेलं. पण राहिलेलं वाक्य ऐकलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. व्हिलन विनंती अर्ज वाचत होता. 'सोमवारी सकाळी बुलडोझर येईल' हे तो अशा सुरात म्हणाला की पुढे 'तरी कृपया सहकार्य करावे' येईल असं वाटावं.

"काका, थोडं कडक," ऋचा म्हणाली.

बाळा कडक झाला. आता तो पोलीस स्टेशनसमोर घोषणा देणाऱ्या बाळासारखा वाटायला लागला. पडद्यावरचा माणूस एसी ऑफिसात उभा आणि आवाज उन्हातान्हात चार तास बसल्यासारखा.

पुढचा तुकडा घेऊन बघितला. डबिंगमध्ये सीनचे छोटे तुकडे करतात, प्रत्येकाला लूप म्हणतात. तो पडद्यावर दिसतो, कानात शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज येतो आणि आपण त्याच ओठांवर आपले शब्द बसवायचे. प, ब, म आले की पडद्यावर ओठ मिटलेच पाहिजेत, नाही तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. बाकी अक्षरांत थोडी चोरी चालते. पुढच्या लूपमध्ये व्हिलन म्हणतो, "हे लोक म्हणजे या शहराची कीड."

बाळा म्हणाला, "हे लोक म्हणजे या शहराचा कणा."

ओठांवर अगदी चपखल बसलं. ऑस्टिनने अंगठा दाखवला आणि मग त्याला कळलं.

"परबकाका!"

"अरे, वीस वरसां कणा म्हणतंय! भाषणात हयच येता!"

मी तोंडात पदर कोंबला. ऋचा हसली नाही. तिने घड्याळ बघितलं. सव्वादोन.

"चहा पिऊन येऊ," ती म्हणाली. हे वाक्य दिग्दर्शक दोनच वेळा म्हणतात. फार छान चाललंय तेव्हा, नाही तर वाट लागली तेव्हा.

स्टुडिओ अंधेरीला, एका गॅरेजच्या मागे. बाहेर लोखंडी जिना आहे, तिथे आम्ही पायऱ्यांवर बसलो. खाली कोणीतरी स्कूटर ठोकत होतं. बाळा ग्लास हातात धरून चहाकडे बघत राहिला.

"ताय, माका जमाचा नाय. बोरिवलीवाल्याक लवकर बोलव."

"गप रे. परवा दंगलीच्या सीनला 'पेटवा रे पेटवा' म्हणून कोण केकाटत होतं? तेव्हा कुठे गेली होती तुझी समिती?"

"थय मी गर्दीत होतंय. गर्दीक नाव नसता. हय पट्टयेर माझा नाव येतला. मगे वाक्य पण माझाच झाला मां?"

ज्या ओळीसाठी त्याने बावीस वर्षं वाट पाहिली, त्याच ओळीने त्याचा गळा धरला होता.

ऋचा वरच्या पायरीवरून खाली सरकली. "परबकाका, मी तुम्हाला एक सांगू? ॲक्टरने कोरं असावं. रोलमध्ये जाताना आपली मतं घरी ठेवून यायची."

बाळाने मान वर केली. "मॅडम, मता घराक ठेवूक आधी घर उराक होया मां!"

ऋचाला मालवणी येत नाही, पण मतं ठेवायला आधी घर उरायला हवं, हे तिला बरोबर कळलं. तिने चहाचा मोठा घोट घेतला आणि तिची जीभ भाजली.

"आणि उद्या माझ्या गल्लीतली पोरं म्हणाली, काका, पडद्यावर आम्हाला कीड म्हणालात, मग? मी कुठल्या तोंडाने निवेदन घेऊन जाऊ?" आता तो सावरून मराठीत आला होता, म्हणजे मनातून पार हरला होता.

तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. माझी लाज काढणाऱ्या गोष्टींचा माझ्याकडे मोठा साठा आहे, त्यातली ही मधल्या फळीतली.

मी तेवीस वर्षांची होते. घाटकोपरला आमचा हौशी नाटकाचा ग्रुप होता. स्पर्धेसाठी एक नाटक बसत होतं, त्यात एक घरमालकीण होती. भाडेकरूंचं सामान रस्त्यावर फेकणारी. दिग्दर्शकाने तो रोल मला दिला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझी विचारसरणी मला हे करू देत नाही." विचारसरणी हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते. तो कुठे वापरता येईल याची वाटच बघत होते.

"मग?" ऋचाने विचारलं.

"मग काय! मला पिचलेली भाडेकरीण दिली. मी इतकी घाणेरडी पिचले की लोकांना घरमालकिणीची दया आली."

जिन्यावर पहिल्यांदा बाळा हसला.

"आणि घरमालकीण कोणी केली?"

"विजूने. माझी मैत्रीण. तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत सात जण राहायचे त्यांच्याकडे आणि मालकीण रोज दारात येऊन शिव्या घालायची. विजूला ती बाई पाठ होती रे. बोलता बोलता दाराबाहेरच्या चपला मोजायची ती, घरात किती पाहुणे आलेत ते बघायला. विजूने स्टेजवर नुसत्या चपला मोजल्या. कुजबूज थांबली थिएटरात. बक्षीस तिला. मला उत्तेजनार्थसुद्धा नाही."

"तिका वायट नाय वाटला?"

"तिला? ती म्हणाली, कुमे, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईचा मला उपयोग झाला."

मी त्याला जरा टोचलं. टोचण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

"तुझं घर पाडलं तेव्हा समोर कोण होतं? बुलडोझरवाला सोड. हुकूम सोडणारा कोण? तो काय असा किंचाळला होता, तू मघाशी किंचाळत होतास तसा?"

"भाऊ?" बाळा म्हणाला. भाऊ म्हणजे त्यांच्या भागातले तेव्हाचे पुढारी. "भाऊ कधी ओरडाचो नाय गो. भाऊ चहा पाजता."

"म्हणजे?"

"म्हणजे असं." त्याने ग्लास पायरीवर ठेवला. शर्टाचा खिसा उगाच सारखा केला. जरा माझ्या बाजूला सरकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी हलकेच, घरच्या माणसासारखा.

"परब, चहा घ्या. साखर बरोबर झालीय ना? आई कशा आहेत? गुडघे? जपा त्यांना." आवाज खाली आला होता. मऊ, कोमट, घाई नसलेला. "हे बघा, सोमवारी सकाळी मशीन येईल. माझ्या हातात असतं तर... पण वस्ती काही राहत नाही आता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." थोडं थांबून, खांद्यावर दोनदा थोपटून: "पर्यायी जागा देऊ की."

खालचं ठोकणं चालू होतं, पण मला ते ऐकू येईना. मी त्या भाऊंना कधी पाहिलं नाही, पण त्या क्षणी ते माझ्या शेजारी बसले होते आणि माझं नाहूरचं घर, जे माझ्या नावावर आहे आणि ज्याचा मेंटेनन्स वेळेवर भरते, तेही आता जाणार असं मला वाटलं.

दारात ऑस्टिन उभा होता. कधी आला कोण जाणे.

"मॅडम," तो ऋचाला म्हणाला, "काकांना असेच आत घेऊन चला. पाणी पण नका पाजू."

आत गेलो. बाळाने हेडफोन लावला. पडद्यावर तो दक्षिणेतला डोंगर उभा राहिला, ओठ जेमतेम हलवत. इतके दिवस आम्ही त्या ओठांना नावं ठेवत होतो. त्या ओठांना ओरडणं शोभतच नव्हतं. त्यांना हेच शोभत होतं.

"सोमवारी सकाळी बुलडोझर येईल," बाळा म्हणाला, पाहुण्याला जेवायचं आमंत्रण दिल्यासारखं. "त्या वस्तीचं नाव नकाशावर राहता कामा नये." मग माणूस खिडकीकडे वळला, आपल्याला त्याची पाठ दिसायला लागली. आणि बाळाने सवयीप्रमाणे पुढचं म्हटलंच. फक्त या वेळी भाऊंच्या आवाजात.

"पर्यायी जागा देऊ की."

"कट." ऋचा खुर्चीतून उठली. "हे ठेवायचं!"

"स्क्रिप्टमध्ये नाही," ऑस्टिन म्हणाला.

"मग लिही."

"लिप सिंक?"

"पाठ आहे ना त्याची! पाठीला कुठे ओठ असतात?"

हे खरं आहे. पाठमोरा शॉट म्हणजे आम्हा डबिंगवाल्यांची सुट्टी. पाठीवर तुम्ही काहीही बोलू शकता. सबंध सकाळ जे शेपूट आम्ही कापायच्या मागे होतो, ते त्या सीनमधलं सगळ्यात भयंकर वाक्य होऊन बसलं.

'कीड'ही झालं. त्याने तो शब्द इतक्या काळजीने उच्चारला, डॉक्टर रोगाचं नाव सांगतात तसा, की मी खुर्चीत मागे सरकले. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ऋचाने बोरिवलीला फोन केला आणि त्या गृहस्थांची माफी मागितली. ते निम्म्या वाटेत होते. चिडले. बरोबरच आहे त्यांचं.

मग जे झालं ते मला आठवलं की अजून हसून दम लागतो. त्याच सीनच्या मागे खाली रस्त्यावर मोर्चा असतो आणि लोक या व्हिलनच्या नावाने बोंबलत असतात. ते क्राउड राहिलं होतं. माझे बाकीचे चौघे येऊन थांबलेच होते. मी माइकसमोर गेले. मागे बघते तर बाळा हेडफोन फेकून गर्दीत येऊन उभा!

"तू कशाला? तू आता व्हिलन आहेस."

"मुर्दाबाद म्हणूक माका कोण अडवतला?"

आणि तो ओरडला. स्वतःच्याच नावाने. घशाच्या शिरा ताणून, मूठ वर करून, बावीस वर्षांत ओरडला नाही असा. आतून त्याचाच कोमट आवाज म्हणतोय 'पर्यायी जागा देऊ की' आणि बाहेर हाच 'चले जाव'. पहिल्या टेकला मी हसले. दुसऱ्याला चौघे हसले. तिसऱ्याला काचेपलीकडे ऑस्टिन टेबलाखाली गेला. चिडलेले दहा हजार लोक खुदुखुदु हसताहेत असा मोर्चा कुठल्या सिनेमात चालणार? पाचव्या टेकला ऋचाने आम्हाला एकमेकांकडे पाठ करून उभं केलं, तेव्हा कुठे राग आला.

सिनेमा लागला. बाळाची सबंध गल्ली घाटकोपरच्या थिएटरात आली. दोन टेम्पो करून. मीही होते. बाळा माझ्या शेजारी, हात मांड्यांखाली दाबून बसलेला. व्हिलन पहिल्यांदा बोलला आणि मागच्या रांगेतून कोणीतरी बाई मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, भाऊ!"

मग सगळ्या रांगा. "भाऊच गं! अगदी भाऊ!" शिट्ट्या, टाळ्या. 'पर्यायी जागा देऊ की' आलं तेव्हा तर थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. कोणी बाळाला म्हणालं नाही की तू आम्हाला कीड म्हणालास. कीड त्यांना भाऊंनी म्हटलं होतं. बाळाने फक्त ते सगळ्यांना ऐकवलं होतं.

शेवटी नावांची पट्टी सुरू झाली. लोक उठायला लागले. सुलभा दारात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. "कोणी बाहेर जायचं नाही! नाव यायचंय!" बाहेरची माणसंही अडकली. नाव आलं. दीड सेकंद राहिलं असेल. बाळाने ते बघितलं आणि चष्मा पुसला. पुसून वर बघेपर्यंत नाव गेलं होतं. त्याने परत तिकीट काढून दुसऱ्या दिवशी बघितलं.

आता खरी गंमत. पंधरा दिवसांनी मी मेथी निवडत बसले होते आणि बाळाचा फोन आला.

"ताय, भाऊचो फोन इल्लो."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. "ओरडले?"

"भाऊ ओरडाचो नाय गो, सांगितलंय मां. भाऊंना आवाज आवडला. म्हणाले, काय भारदस्त माणूस उभा केलात परब! असं नेतृत्व पाहिजे."

"स्वतःला ओळखलं नाही?"

"नाय!"

मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून विचारलं, बरं आहे ना? पण बाळाचं पुढचं बाकी होतं. निवडणूक जवळ आली होती. भाऊंना प्रचाराच्या रिक्षांसाठी आवाज हवा होता. भाऊंनी वस्तीसाठी काय काय केलं, ते बाळाने त्या भारदस्त आवाजात सांगायचं. आणि जाता जाता भाऊ म्हणाले होते, पुनर्वसनाच्या यादीत तुमच्या गल्लीची नावं राहिलीत ना, बघतो मी.

इथे मी काय केलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हटलं, "अरे, मग घे की! आता काय अडचण? जिन्यावर आपलं ठरलंय ना, रोल तो रोल, आवाज तो आवाज. यादीचंही काम होईल."

मग बाळा अगदी सावकाश बोलला, मला दुखवायचं नाही अशा बेताने.

"ताई, थिएटरात माणसं तिकीट काढून येतात. दिवे मालवतात. त्यांना माहीत असतं, हा बाळा खोटं बोलतोय, त्यासाठीच तर आलेत. रिक्षातून बोललो तर आमच्या गल्लीतली म्हातारी दार उघडतली आणि म्हणतली, बाळा सांगता म्हणजे खराच आसतला."

मी गप्प झाले. ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना आहे.

गप्प होण्याचं कारण होतं. ती विचारसरणीवाली तेवीस वर्षांची कुमुद. जिन्यावर मी तिची अर्धीच लाज काढली होती. नाटकात घरमालकीण व्हायला जिची तत्त्वं आडवी आली, तीच बाई त्याच वर्षी निवडणुकीत एका उमेदवाराच्या जीपमध्ये बसून तीन दिवस घाटकोपरभर त्याच्या नावाचा पुकारा करत फिरली होती. त्याला मत दिलं नाही. त्याचा जाहीरनामा वाचला नाही. कोणीतरी म्हणालं होतं, कुमुद, तुझा आवाज रेडिओसारखा आहे. एवढं पुरलं. आणि तो उमेदवार तीन चाळींचा मालक होता! विजूची चाळ त्यातलीच एक. माझी तत्त्वं तेव्हा बहुतेक जीपच्या मागच्या सीटवर झोपली होती.

"मग तू भाऊंना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, भाऊ, तो आवाज सिनेमावाल्यांचा आहे, बाहेर वापरता येत नाही. कायदेशीर अडचण आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शेवटचं वाक्य त्याने कुठल्या आवाजात म्हटलं, ते मी विचारलं नाही. मला ऐकू आलं.

यादीचं काम अजून झालेलं नाही. समिती नेहमीसारखी निवेदनं देते आहे, बाळा ती लिहितो आहे. ऋचाच्या पुढच्या सिनेमात तो एका सावकाराला आवाज देतोय, आणि गर्दीतल्या त्याच्या जागी ओरडायला मी एका घशाच्या शोधात आहे.

नव्या मुली मला स्टुडिओत विचारतात, आजी, आपल्या मतांविरुद्धचा रोल घ्यावा का? मी सांगते, बिनधास्त घ्या, कितीही नीच असला तरी घ्या. फक्त ऐकणाऱ्याला तो रोल आहे हे ठाऊक असलं पाहिजे. एवढं समजायला बाळाला एका फोनइतका वेळ लागला. मला नातवंडं व्हावी लागली.